मध्यंतराचा हार

या, अशा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट झोपेत ऐकण्यासारखी नाही. कीर्तनाची आहे आणि उंदरांचीही आहे. दोन्ही एकाच गोष्टीत कशी, ते ऐकता ऐकता कळेल. मी तेव्हा धुळ्यात माझ्या आत्याकडं राहून शिकत होते, आणि तिच्या कीर्तनात मागं बसून पेटी वाजवत होते.

तर पाडव्याची संध्याकाळ. रामाच्या नवरात्राचं पहिलं कीर्तन. गल्लीतल्या राममंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती; बायका पार चपलांच्या ढिगापर्यंत बसल्या होत्या. मध्ये माझी आत्या उभी. वेणूताई गर्गे. पांढरं लुगडं, हातात चिपळ्या, आणि नाम घेता घेता हात असे कापत होते की चिपळ्या आपोआपच वाजत होत्या. कपाळावरून घाम निथळत होता. डोळ्यांतून पाणी. "राम" म्हणताना गळा दाटला आणि शब्द अर्ध्यातच राहिला, तसा सगळा सभामंडप हुंदका देऊन पुढं झुकला.

माझ्या शेजारी तबल्यावर दशरथभाऊ सोनार होते. त्यांनी डोळे वटारले.

"कुमुद, अगं लय आवर! मनगट उतरलं माझं."

"मी कुठली आवरू, भाऊ? आत्या पळतेय, तिच्यामागं मी पळतेय."

"मग तिला सांग, राम पुढच्या मंगळवारी जन्मायचाय. एवढी घाई नको."

पहिल्या रांगेत देवस्थानचे विश्वस्त नानासाहेब बाविस्कर बसले होते. त्यांनी हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "हे अष्टसात्त्विक भाव आहेत, मंडळी! घाम, कंप, अश्रू, गळा भरून येणं. आजवर पोथीत वाचलं होतं. आज डोळ्यांनी बघतोय."

मीही पेटीवर वाकून रडत होते. खोटं कशाला सांगू? कीर्तनाचं वेड मला लहानपणापासूनचं, आणि ज्या आत्यानं ते लावलं तिच्यावरच देवाची कृपा झालेली बघत होते. शिवाय मला ठाऊक होतं ते त्या गर्दीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. आत्याचे गुरू तिला म्हणाले होते, "वेणू, तुझं पाठांतर चोख, गळा चोख, पण तू कोरडी आहेस. विहीर बांधलीस, पाणी लागलं नाही." आत्याचे यजमान लवकर गेल्यावर तिनं कीर्तनच धरलं होतं. पंधरा-वीस माणसांपुढं वर्षानुवर्षं उभी राहिली. गुरूंचं ते बोलणं तिच्या काळजात रुतून बसलं होतं. आणि त्या वर्षी, दिवाळीनंतर, पाणी लागलं. लोक लांबून येऊ लागले. पाया पडू लागले.

पूर्वरंग, म्हणजे आधीचं निरूपण, संपला. मध्यंतरात कीर्तनकाराला बुक्का लावायचा आणि गळ्यात हार घालायचा, ही रीत. हार पडल्याशिवाय उत्तररंगाची कथा सुरू व्हायची नाही. बुवा असले की विश्वस्त हार घालतात. आत्या बाईमाणूस, म्हणून आमच्या देवळात ते काम माझ्याकडं आलं होतं. मी ताटातला हार उचलला. आत्यानं तांब्या वर धरून मान मागं टाकली आणि पाणी प्यायली. तेव्हा मला दिसलं. तुळशीच्या माळेच्या खाली, गळ्याच्या मध्यावर काहीतरी फुगीर होतं आणि प्रत्येक घोटाबरोबर ते वर जाऊन खाली येत होतं.

"काय बघतेस? घाल की," आत्या म्हणाली.

हार घालताना माझी बोटं तिच्या मानेला लागली. कातडी तापलेली. आणि आत जे धडधडत होतं, ते मला ओळखीचं वाटलं. कुठून ओळखीचं, हे मात्र काही केल्या आठवेना.

ते दुसऱ्या दिवशी आठवलं, कॉलेजातल्या उंदरांच्या खोलीत.

माझं एम.फार्म.चं शेवटचं वर्ष होतं, आणि माझा प्रयोग पांढऱ्या उंदरांवर चालला होता. आपल्या गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला किंवा जास्त झाला तर प्राण्याच्या वागण्यात काय फरक पडतो, ते मला बघायचं होतं. काही उंदरांना पाण्यातून औषध देऊन मी तो रस दाबला होता. काहींना रोज टोचून तो वाढवला होता. काहींना तसंच ठेवलं होतं. मग एकेकाला चौकटी आखलेल्या मोठ्या खोक्यात सोडायचं आणि बघत बसायचं.

रस दाबलेले कोपऱ्यात जाऊन केस फुलवून बसत. ढोसलं तरी हलायला नको. हात लावला तर थंडगार. आणि रस वाढवलेले? त्यांना बसणं म्हणून माहीत नव्हतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा उलट, पुन्हा मध्ये. चमचा पडला तरी दचकून उडत. खायला दुप्पट, आणि वजन उतरतच चाललेलं.

त्या दिवशी त्यांतला एक खोक्यातून काढायला मी ओंजळीत धरला. त्याच्या बरगड्यांच्या आत जे धडधडत होतं ते माझ्या बोटांना लागलं आणि मी तशीच उभी राहिले. काल रात्री हेच. हेच बोटांना लागलं होतं.

मग एकेक आठवत गेलं. माघाच्या थंडीत आत्याचा पंखा. चार-चार पोळ्या खाऊनही सैल झालेली पोलकी. झोप नाही, घरभर फेऱ्या. कामवालीवर उगाच खेकसणं आणि नंतर तिच्याच गळ्यात पडून रडणं. मोठे झालेले डोळे; लोक म्हणत होते, तेज आलं. आणि पळणारी लय.

उंदीर पिंजऱ्यात ठेवला आणि तिथंच भिंतीला धरून म्हटलं, रामराया, मला खोटी पाड.

माझ्या मार्गदर्शक काझी मॅडम शेजारच्या खोलीत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"माणसांचं मी सांगू नये, कुमुद. मी उंदरांची आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण रक्त तपासायला हवं. उद्याच्या उद्या. या नऊ दिवसांत काय खातायत त्या?"

"दूध आणि केळं. उपास आहे."

"आणि रोज उभं राहून कीर्तन?"

"हो."

मॅडमनी चष्मा काढला. "माझ्या अम्मीच्या चुलतबहिणीला हेच होतं. रोज्यात अंगावर काढलं. ताप चढला, काळीज धावत सुटलं आणि मग आवरलंच नाही. तुला घाबरवायला नाही सांगत, बेटा. म्हणजे, सांगतेच आहे. घाबर. आणि त्यांना उपास सोडायला लाव."

घाबरायला मला वेगळं सांगायला नको होतं. घरी जाताना सायकल दोनदा कुणाच्या तरी अंगावर घातली.

आत्या माजघरात फेऱ्या घालत कथा घोकत होती. मी दारातच सगळं ओकून टाकलं. रस, ग्रंथी, उंदीर, काळीज. ती ऐकताना थांबली, मग हसायला लागली.

"म्हणजे माझा राम तुझ्या उंदराच्या गळ्यात बसलाय म्हण की!"

"आत्या, हसू नको. रक्त तपासून येऊ. नसलं तर मी नाक घासेन तुझ्यापुढं."

"आणि असलं तर?"

"तर गोळ्या असतात. बरी होशील."

"बरी म्हणजे?" तिचा आवाज चढला. "पुन्हा कोरडी? वीस वर्षं लोक माझ्यापुढं जांभया देत होते, कुमुद. तू लहान होतीस, पेटीवर डोकं ठेवून तूही झोपायचीस. आज पाणी येतंय डोळ्यांत, तर तू म्हणतेस त्याला गोळी आहे! कुठं फेडशील हे?"

हातातला पेला तिनं ओट्यावर ठेवला. ठेवताना तो सांडला. सांडलेल्या पाण्याकडं आम्ही दोघी बघत राहिलो. तिचा हात अजून कापत होता, आणि तिथं तर कीर्तन नव्हतं, टाळ नव्हता, नाम नव्हतं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कीर्तनं चालूच होती. मी पेटी वाजवायची आणि तिच्या पाठीकडं बघत राहायचं. श्वास घ्यायला कुठं थांबते, पाय कुठं अडखळतो. दशरथभाऊंची थट्टाही बंद झाली. "बाईंचं काहीतरी बिनसलंय," एवढंच ते म्हणाले. मी मध्यंतरात हार घालायची आणि बोटांना ती धडधड घेऊन परत पेटीवर यायची.

नवरात्राच्या पाचव्या दिवशी सकाळी आत्या चपला घालून दारात उभी.

"चल. दाखव तुझे ते रामभक्त उंदीर."

उंदरांच्या खोलीतला वास लागताच तिनं नाकाला पदर लावला, पण मागं फिरली नाही. तिनं उंदरांच्या पाठीवरच्या पिवळ्या खुणा बघितल्या.

"हे काय? हळद?"

"रंग आहे. कोण कुठल्या गटातला, ते ओळखायला."

"खारीच्या पाठीवर रामानं बोटं फिरवली होती म्हणतात," ती पुटपुटली. "तुम्ही रंग फासलात. प्रयोग संपल्यावर सोडता यांना?"

"नाही आत्या. मारावं लागतं."

मी रस वाढवलेला एक उंदीर खोक्यात सोडला. तो सुटला तसा पळत सुटला. या भिंतीला, त्या भिंतीला, मध्येच उभा, पुन्हा पळ. मिशा थरथरतायत, अंग थरथरतंय. आत्या खोक्यावर वाकून बघत होती. मग मला न विचारता तिनं आत हात घातला. मी म्हटलं, चावेल. तिनं ऐकलं नाही. उंदीर तिच्या तळहाताशी येऊन अडला आणि तिनं त्याच्यावर दुसरा हात अलगद ठेवला.

दोन्ही हात कापत होते. त्यांच्या आत तो कापत होता. कोण कुणाला कापवतंय, ते कळेना.

"याला काही ऐकू येत असेल का गं?" आत्या हळू आवाजात म्हणाली. "नाम वगैरे?"

"नाही, आत्या."

"मग हा कशानं एवढा..." तिनं वाक्य सोडून दिलं.

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी फक्त एक स्टूल पुढं सरकवलं आणि आत्या त्यावर बसली. तिथल्या तिथं मॅडमनी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आम्ही थेट त्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गळा चाचपला, नाडी बघितली, रक्त मुंबईला पाठवलं आणि सांगितलं की अहवाल येईल तेव्हा येईल, मला शंका नाही, थायरॉईडच वाढलाय. गोळ्या आजपासून घ्या, उपास आत्ता सोडा आणि कीर्तन बंद. हे कीर्तन तुमचा जीव घेईल, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

रिक्षात आत्या गोळ्यांची पुडी मुठीत धरून बसली होती.

"कळलं मला," ती म्हणाली. "तुझं खरं आहे. पण नवमीपर्यंत थांब."

"आत्या!"

"चार दिवस राहिलेत. मग तू म्हणशील ते करेन. हव्या तेवढ्या गोळ्या खाईन. एवढं एक नवरात्र मला ओल्या डोळ्यांनी उभं राहू दे, कुमुद. पुढं जन्मभर कोरडंच राहायचंय."

ज्यानं कधी कीर्तनकाराचं घर आतून बघितलं नाही त्याला तिचं मागणं वेडेपणाचं वाटेल. मला नाही वाटलं. आणि तीच तर अडचण होती. ती फसलेली असती तर तिला समजावता आलं असतं. तिला सगळं समजलं होतं आणि तरीही ती निघाली होती.

त्या संध्याकाळी पूर्वरंगात ती दोनदा थांबली. लोकांना वाटलं, भाव दाटला. मला तिच्या पोलक्याची पाठ भिजलेली दिसत होती आणि मानेवरची शीर उडताना दिसत होती. पूर्वरंग कसाबसा संपला. ती पाणी प्यायली. कोणीतरी ताट माझ्यापुढं केलं. झेंडूचा आणि मोगऱ्याचा भरगच्च हार होता. मी तो उचलला, तिच्यापुढं गेले आणि माझे हात वर गेलेच नाहीत.

"घाल," आत्या म्हणाली.

"नाही घालत."

"कुमुद, लोक बघतायत."

"बघू देत. मी हार घातला की तू उत्तररंगाला उभी राहणार. मी नाही घालत, आत्या."

पुढच्या रांगेतून नानासाहेब उठले. "काय चाललंय, पोरी? कथा खोळंबलीय! कुणी दुसऱ्या बाई या हो पुढं."

दोघी-तिघी उठल्या. मी हार छातीशी घट्ट धरला. फुलं चुरगळत होती. मला रडू येत होतं, आणि हे रडणं भावाचं नव्हतं, भीतीचं होतं. आत्या माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला, माझ्या हातातून हार काढून घेतला आणि मागं वळून तो रामाच्या पायांशी ठेवला.

"बसा, बायांनो," ती म्हणाली. "नानासाहेब, तुम्हीही बसा. उत्तररंग होणार नाही. पण उठायच्या आधी एक ऐकून जा."

ती खांबाला टेकून उभी होती.

"तुम्ही म्हणालात, वेणूला अष्टसात्त्विक भाव आले. मलाही तसंच वाटलं. वाटायला आवडलं. पण हा कंप आजाराचा आहे. गळ्यात एक गाठ वाढलीय, तिच्या रसानं काळीज धावतं, घाम सुटतो, डोळे भरतात. ही पोर ज्यांच्यावर शिकते त्या उंदरांनाही तो रस टोचला की ते असेच कापतात. मी आज त्यांतला एक हातात धरला. त्यानं कधी रामाचं नाव ऐकलेलं नाही."

कुणीतरी मागून "रामा!" म्हणालं. नानासाहेबांचा चेहरा पडला होता.

"तुम्ही पाया पडलात ते मी परत देऊ शकत नाही," आत्या म्हणाली. "ते तुम्ही रामाला घातलेले नमस्कार होते असं समजा. तो तुमच्यापुढंच उभा आहे, मीच मध्ये आले होते. आता मी घरी जाते आणि जेवते. आरती करून घ्या."

दशरथभाऊंनी तबला बाजूला सारला आणि सगळ्यांच्या आधी पुढं येऊन तिचा दंड धरला. आम्ही दोघांनी तिला घरी आणलं. मी मऊ भात केला. तिनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ विसरलीस." मग दोघीही हसलो, आणि तिनं पुडी सोडून गोळी तोंडात टाकली.

बरी व्हायला तिला वर्ष लागलं. हात थांबले, झोप लागू लागली, पोलकी पुन्हा घट्ट झाली. आणि डोळे कोरडे झाले. ती म्हणाली होती तसंच.

पुढच्या पाडव्याला ती पुन्हा उभी राहिली तेव्हा चपलांचा ढीग एवढासा होता. पुष्कळ जण पूर्वरंगातच उठून गेले. "पूर्वीची मजा राहिली नाही," असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आत्यानंही ऐकलं असणार. तिनं लय सोडली नाही. एकेक शब्द जागच्या जागी, स्वच्छ, कापसाच्या वातीसारखा सरळ. शेवटपर्यंत डोळ्यांत टिपूस नव्हता.

आरतीनंतर नानासाहेब पुढं आले. मला वाटलं, आता काहीतरी लागट बोलतील.

"ताई," ते म्हणाले, "गेल्या वर्षी मी रोज रडलो. पण तुम्ही काय सांगितलंत, ते घरी गेल्यावर एक अक्षर आठवत नव्हतं. आज सगळं आठवतंय."

आत्यानं मान खाली घातली. "मग उद्याही या," एवढंच म्हणाली. ते आले. त्यानंतर कितीतरी वर्षं येत राहिले.

त्यानंतर आत्यानं पुष्कळ कीर्तनं केली, आणि शेवटपर्यंत कोरडीच राहिली. मी तिच्यामागं पेटी वाजवत राहिले. मला त्या कोरड्या आवाजाइतका भरवसा दुसऱ्या कशाचाच वाटला नाही.

झाली गोष्ट. आता माझं एक मागणं ऐका. कधी एखाद्या लहानशा देवळात जाल, आणि तिथं कुणी साधी बाई किंवा बुवा आठ-दहा माणसांपुढं कोरड्या डोळ्यांनी, नेटानं कथा सांगत असेल, तर मधूनच उठून जाऊ नका. आरतीपर्यंत बसा. आणि तबकातल्या ज्योतीवर हात धराल तेव्हा एकदा वेणूताई गर्ग्यांची आठवण काढा.